पास आउट

पास आउट हे इंग्रजी भाषेतील एक फ्रेझल व्हर्ब आहे. ‘पास’ हे क्रियापद आणि ‘आउट’ हे अव्यय यांच्या संयोगातून ते तयार झाले असून त्याचा अर्थ या दोन शब्दांच्या सुट्या अर्थांवरून पूर्णपणे कळत नाही. त्याचे दोन अर्थ विशेष प्रचलित आहेत : (१) शुद्ध हरपणे, भोवळ येऊन पडणे, (२) प्रशिक्षण किंवा अभ्यासक्रम पूर्ण करून संस्थेतून बाहेर पडणे. पहिला अर्थ इंग्रजी बोलल्या जाणाऱ्या सर्व देशांत समजला जातो. दुसरा अर्थ ब्रिटनमध्ये प्रामुख्याने लष्कर, पोलीस, अग्निशमन दल अशा गणवेशधारी सेवांपुरता मर्यादित आहे. भारतीय इंग्रजीत मात्र तो शाळा, महाविद्यालये व विद्यापीठांनाही लागू होतो. मराठीत ‘पास आउट होणे’ हा शब्दप्रयोग भारतीय इंग्रजीतून आला असून तो बहुधा दुसऱ्या अर्थाने वापरला जातो. एकाच शब्दजोडीचे हे दोन अर्थ परस्परांपासून दूर असल्यामुळे परदेशातील शिक्षण, नोकरी आणि विशेषतः वैद्यकीय तपासणी यांच्या संदर्भात गैरसमज होण्याची शक्यता असते.

व्युत्पत्ती

‘पास’ हे क्रियापद जुन्या फ्रेंच भाषेतून इंग्रजीत आले. त्याचे मूळ पाऊल या अर्थाच्या ‘पासुस’ या लॅटिन शब्दात आहे. पाऊल टाकणे, पुढे जाणे, ओलांडणे असा त्याचा अर्थविस्तार होत गेला. परीक्षेत यशस्वी होणे हा अर्थही ‘कसोटी ओलांडणे’ या कल्पनेतूनच आला आहे.

‘आउट’ हा शब्द मूळ जर्मानिक असून जुन्या इंग्रजीत त्याचे रूप ‘ऊट’ असे होते. हा शब्द आणि संस्कृतमधील ‘उद्’ हा उपसर्ग यांचे मूळ एकाच आदि-इंडो-युरोपीय रूपात असल्याचे भाषाशास्त्रज्ञ मानतात. मराठीत परीक्षेच्या संदर्भात वापरला जाणारा ‘उत्तीर्ण’ हा तत्सम शब्द ‘उद्’ हा उपसर्ग आणि ओलांडणे, तरून जाणे या अर्थाचा ‘तॄ’ हा धातू यांपासून बनला आहे. त्यामुळे ‘उत्तीर्ण’ आणि ‘पास आउट’ या दोन शब्दांची घडण बरीचशी सारखी आहे. हे साम्य स्वतंत्रपणे निर्माण झालेले आहे. एका शब्दावरून दुसरा बेतलेला नाही.

शुद्ध हरपणे हा अर्थ तुलनेने नवा आहे. ‘पास आउट’चा मरण पावणे असाही एक जुना अर्थ होता. तो सौम्य होऊन विसाव्या शतकाच्या आरंभी बेशुद्ध होणे हा अर्थ रूढ झाला, असे सामान्यतः मानले जाते. मरण पावणे या अर्थाने आता ‘पास अवे’ हे क्रियापद वापरतात.

व्याकरण

‘फ्रेझल व्हर्ब’ ही संज्ञा लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या ‘वर्ड्‌स अँड इडियम्स’ या १९२५ सालच्या पुस्तकामुळे प्रचारात आली. ती ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवल्याचे स्मिथ यांनी नोंदवले आहे. अशा क्रियापदांत मूळ क्रियापदाला जोडलेले अव्यय कधी दिशा दाखवते, तर कधी क्रियेची पूर्णता. ‘बर्न आउट’, ‘वेअर आउट’, ‘डाय आउट’ या क्रियापदांत ‘आउट’मुळे क्रिया शेवटास गेल्याचा अर्थ येतो. मराठीत हे काम बऱ्याचदा संयुक्त क्रियापदे करतात. ‘खाल्ले’ आणि ‘खाऊन टाकले’, ‘गेला’ आणि ‘निघून गेला’ यांत जो फरक आहे, त्याच्याशी याची तुलना करता येते. मराठीत मात्र ही अर्थच्छटा अव्ययाऐवजी दुसऱ्या क्रियापदामुळे येते.

‘पास आउट’ हे अर्थानुसार अकर्मक किंवा सकर्मक असते.

शुद्ध हरपणे आणि प्रशिक्षण पूर्ण करणे या अर्थांनी ते सहसा अकर्मक असते. उदा., ‘शी पास्ड आउट’.

वाटणे या अर्थाने ते सकर्मक असते. त्या वेळी कर्म अव्ययाच्या आधी किंवा नंतर येऊ शकते : ‘पास आउट द पेपर्स’ आणि ‘पास द पेपर्स आउट’ ही दोन्ही वाक्ये बरोबर आहेत. कर्म सर्वनाम असल्यास ते मध्येच येते : ‘पास देम आउट’.

क्रियापद म्हणून उच्चारताना जोर ‘आउट’वर पडतो. नाम म्हणून वापरल्यास तो ‘पास’वर येतो.

अर्थ निश्चित करण्यात पुढे येणाऱ्या शब्दयोगी शब्दाला महत्त्व आहे. ‘ऑफ’ आणि त्यापुढे संस्थेचे नाव आल्यास प्रशिक्षण पूर्ण झाल्याचा अर्थ निघतो. ‘फ्रॉम’ दोन्ही अर्थांत येऊ शकतो : ‘पास्ड आउट फ्रॉम द हीट’ म्हणजे उष्म्याने भोवळ आली, तर ‘पास्ड आउट फ्रॉम द अकॅडमी’ म्हणजे प्रबोधिनीतून प्रशिक्षण घेऊन बाहेर पडला. ‘इन’ आल्यास अर्थ बदलतो. ‘शी पास्ड आउट इन स्कूल’ या वाक्याचा अर्थ ‘ती शाळेत बेशुद्ध पडली’ असाच होतो. ‘ही पास्ड आउट इन २०१५’ या वाक्यात केवळ वर्ष असल्यामुळे अर्थ सर्वस्वी ऐकणाऱ्याच्या बोलीवर अवलंबून राहतो.

अर्थ

शुद्ध हरपणे

थोड्या काळासाठी शुद्ध जाणे हा आजच्या इंग्रजीतील सर्वांत व्यापक अर्थ आहे. उष्मा, भूक, तीव्र वेदना, रक्त पाहणे, फार वेळ उभे राहणे, मद्यपान अशा कोणत्याही कारणासाठी तो वापरता येतो. ‘फेन्ट’ हे क्रियापद याच अर्थाचे असले तरी ते सहसा मद्याच्या अमलामुळे आलेल्या बेशुद्धीसाठी वापरत नाहीत. ‘पास आउट’ला असे बंधन नाही. अनौपचारिक इंग्रजीत अतिशय थकून गाढ झोपी जाणे या अर्थानेही ते येते. पुन्हा शुद्धीवर येणे यासाठी ‘कम टू’ किंवा ‘कम राउंड’ ही क्रियापदे आहेत.

प्रशिक्षण पूर्ण करणे

ब्रिटिश इंग्रजीत लष्करी महाविद्यालयात प्रवेश मिळवण्यासाठी ‘पास इन’ आणि तेथील प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडण्यासाठी ‘पास आउट’ अशी जोडी रूढ झाली. या वापरात यश आणि निर्गमन अशा दोन्ही कल्पना एकत्र येतात. प्रशिक्षणार्थी कसोटीस उतरला आहे आणि त्यामुळेच तो संस्थेबाहेर पडत आहे, असे त्यातून सूचित होते. सामान्य विद्यापीठातून पदवी घेतल्यास ब्रिटनमध्ये ‘ग्रॅज्युएट’ हे क्रियापद वापरतात. अमेरिकेत तेच क्रियापद माध्यमिक शाळा पूर्ण करण्यासाठीही वापरले जाते.

वाटणे

वर्गात प्रश्नपत्रिका, सभेत पत्रके किंवा कार्यक्रमात खाऊ वाटणे या अर्थाचा वापर मुख्यतः अमेरिकी इंग्रजीत आढळतो. ‘हँड आउट’ आणि ‘गिव्ह आउट’ ही त्याची समानार्थी क्रियापदे आहेत.

इतर अर्थ

आयर्लंडमधील इंग्रजीत रस्त्यावर दुसऱ्या वाहनाला मागे टाकून पुढे जाणे याला ‘पास आउट’ म्हणतात. ब्रिज या पत्त्यांच्या खेळात चारही खेळाडूंनी बोली न लावता ‘पास’ म्हटल्यास तो डाव ‘पास्ड आउट’ ठरतो. तो खेळला जात नाही आणि कोणालाही गुण मिळत नाहीत. नाट्यगृह किंवा क्रीडांगणातून मध्येच बाहेर जाऊन परत येण्यासाठी दिल्या जाणाऱ्या चिठ्ठीलाही काही ठिकाणी ‘पास-आउट’ असे नाव आहे.

पासिंग आउट परेड

प्रशिक्षण पूर्ण केलेल्या तुकडीच्या अखेरच्या समारंभपूर्वक संचलनाला ‘पासिंग आउट परेड’ म्हणतात. ब्रिटिश लष्करी परंपरेतून ही संज्ञा भारतासह अनेक देशांत पोहोचली. ब्रिटनमधील सँडहर्स्ट येथील अधिकारी प्रशिक्षण संस्थेत या संचलनाला ‘सॉव्हरिन्स परेड’ असे नाव आहे.

भारतात डेहराडून येथील इंडियन मिलिटरी अकॅडमी १९३२ साली सुरू झाली. पुढे फील्ड मार्शल झालेले सॅम माणेकशा हे तिच्या पहिल्या तुकडीतील होते. या संस्थेतील संचलनानंतर छात्र चेटवुड सभागृहाच्या पायऱ्या चढून ‘अंतिम पग’ ओलांडतात आणि त्यानंतर अधिकारी म्हणून सेवेत दाखल होतात. ‘पग’ म्हणजे पाऊल. ‘पास’च्या लॅटिन मुळाचा अर्थही पाऊल असाच असला, तरी हे दोन शब्द व्युत्पत्तीने संबंधित नाहीत.

महाराष्ट्रात पुण्याजवळ खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दरवर्षी दोनदा असे संचलन होते. ते ज्या मैदानावर होते त्याला १९७१ च्या युद्धातील परमवीर चक्र विजेते सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचे नाव आहे. २०२२ मध्ये प्रवेश घेतलेल्या महिला छात्रांची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये या प्रबोधिनीतून बाहेर पडली.

प्रबोधिनीतील छात्रांना पदवी जवाहरलाल नेहरू विद्यापीठाकडून मिळते आणि तिचा पदवीदान समारंभ संचलनाहून वेगळा असतो. ‘ग्रॅज्युएट होणे’ आणि ‘पास आउट होणे’ या दोन क्रियांतील मूळ भेद येथे स्पष्ट दिसतो. पहिल्या समारंभात विद्यापीठ शैक्षणिक पात्रता प्रमाणित करते. दुसऱ्यात संस्था आपल्या छात्राला निरोप देऊन पुढच्या टप्प्याकडे पाठवते. खडकवासल्यातून बाहेर पडलेले छात्र लगेच अधिकारी होत नाहीत. ते आपापल्या सेनादलाच्या संस्थेत पुढील प्रशिक्षणासाठी जातात.

भारतीय सेनादलांतही संज्ञांचा वापर एकसारखा नाही. लष्कर आणि नौदल यांच्या संस्थांत ‘पासिंग आउट परेड’ हा शब्द रूढ आहे, तर हैदराबादजवळील दुंडिगल येथील हवाई दलाच्या संस्थेत ‘कम्बाइन्ड ग्रॅज्युएशन परेड’ असे म्हणतात.

मराठी वृत्तपत्रांत यासाठी ‘दीक्षान्त संचलन’ हा शब्द स्थिरावला आहे. दीक्षेचा, म्हणजे शिक्षणाचा, अंत असा त्याचा अर्थ आहे. नाशिक येथील महाराष्ट्र पोलीस अकादमीतील संचलनाच्या बातम्यांतही हाच शब्द वापरला जातो.

भारतीय इंग्रजीतील वापर

भारतीय इंग्रजीत हे क्रियापद लष्करी संदर्भातून बाहेर पडून सर्व प्रकारच्या शिक्षणाला लागू झाले. ‘आय पास्ड आउट ऑफ कॉलेज इन २०१०’ किंवा ‘शी पास्ड आउट फ्रॉम अ कॉलेज इन पुणे’ अशी वाक्ये भारतात सर्रास बोलली व लिहिली जातात. पाकिस्तानातील इंग्रजीतही हा वापर आढळतो.

यापासून ‘पासआउट’ हे नामही तयार झाले आहे. ‘२०२४ पासआउट’ म्हणजे २०२४ साली अभ्यासक्रम पूर्ण केलेला विद्यार्थी. नोकरभरतीच्या जाहिरातींत पात्र उमेदवारांची वर्षे सांगण्यासाठी हे नाम वापरले जाते. अर्जांमधील ‘इयर ऑफ पासिंग’ हा रकानाही याच शब्दपरिवारातील आहे. अमेरिकेत याच अर्थाने ‘क्लास ऑफ २०२४’ असे म्हणतात. तेथेही वर्ष प्रवेशाचे नसून बाहेर पडण्याचे असते.

हा वापर चूक मानावा की भारतीय इंग्रजीचे वैशिष्ट्य, याविषयी दोन भूमिका आहेत. शिकवणी वर्ग आणि ‘सामान्य चुका’ सांगणारी पुस्तके त्याची गणना चुकांत करतात आणि ‘ग्रॅज्युएट’ वापरण्याचा सल्ला देतात. भाषेचे वर्णनात्मक अंगाने परीक्षण करणारे अभ्यासक मात्र कोट्यवधी लोक ज्या अर्थाने शब्द सातत्याने व परस्परांना समजेल अशा रीतीने वापरतात, तो त्या बोलीचा भाग मानतात. मूळ ब्रिटिश लष्करी वापर पाहता भारतीय अर्थ हा नव्याने कल्पिलेला नसून जुन्या अर्थाचाच विस्तार आहे. तरीही एखादा शब्द आपल्या बोलीत शुद्ध असणे आणि समोरच्या परकीय व्यक्तीला तो त्याच अर्थाने कळणे या दोन भिन्न बाबी आहेत.

मराठीतील वापर

मराठीने इंग्रजीतील ‘पास’ हा शब्द फार पूर्वीच आत्मसात केला असून त्याला ‘ना’ हा उपसर्ग लावून ‘नापास’ हा विरुद्धार्थी शब्दही घडवला आहे. ‘पास होणे’ आणि ‘पास आउट होणे’ यांत मराठी बोलणारे भेद करतात. एखाद्या विषयात, परीक्षेत किंवा इयत्तेत विद्यार्थी ‘पास’ होतो. संपूर्ण अभ्यासक्रम संपवून संस्था सोडतो तेव्हा तो ‘पास आउट’ होतो. त्यामुळे ‘तो दुसऱ्या वर्षातून पास आउट झाला’ असे सहसा म्हणत नाहीत.

वाक्यात हा शब्द ‘होणे’ या सहायक क्रियापदासह येतो (‘ती गेल्या वर्षी पास आउट झाली’) किंवा नाम म्हणून वापरला जातो (‘तो २०१८ चा पास आउट आहे’). लिंग आणि वचन यांनुसार त्याचे रूप बदलत नाही. शहरी तरुणांच्या बोलण्यात ‘पिऊन पास आउट झाला’ असा बेशुद्धीच्या अर्थाचा वापरही ऐकू येतो. तेथे अर्थ संदर्भावरून कळतो.

या शब्दाला समांतर असा वाक्प्रचार मराठीत आधीपासून आहे. ‘डॉक्टर होऊन बाहेर पडला’ किंवा ‘त्या शाळेतून अनेक नामवंत बाहेर पडले’ यांतील ‘बाहेर पडणे’ हे शिक्षण पूर्ण करून संस्था सोडणे याच अर्थाचे आहे. ‘पास आउट’च्या दोन्ही प्रमुख अर्थांच्या मराठी प्रतिशब्दांत ‘पडणे’ हेच क्रियापद येऊ शकते : ‘बाहेर पडणे’ आणि ‘बेशुद्ध पडणे’. मराठीत मात्र अर्थभेद दाखवणारा शब्द ‘पडणे’च्या आधी येत असल्यामुळे घोटाळा होत नाही. इंग्रजीत असा भेदक शब्द नसल्याने संदर्भावर विसंबावे लागते.

गैरसमज आणि त्यांचे परिणाम

संभाषणात हा गैरसमज बहुधा विनोदापुरता राहतो. ‘मी पुण्यातून पास आउट झालो’ या आशयाचे इंग्रजी वाक्य ऐकून अमेरिकी श्रोत्याला बोलणारा पुण्यात बेशुद्ध पडला होता असे वाटू शकते. नोकरीच्या अर्जात किंवा परिचयपत्रात ‘पासआउट’ हे नाम भारताबाहेरील वाचकाला अपरिचित असते; तेथे ‘ग्रॅज्युएटेड’ आणि वर्ष लिहिल्याने अर्थ निःसंदिग्ध होतो.

वैद्यकीय संदर्भात हा प्रश्न अधिक गंभीर ठरतो. अमेरिकेत शालेय क्रीडास्पर्धांत भाग घेण्यापूर्वी विद्यार्थ्यांची तपासणी करताना भरावयाच्या प्रश्नावलीत, व्यायाम करताना किंवा नंतर कधी ‘पास आउट’ झाला होतात का, असा प्रश्न असतो. श्रमाच्या वेळी शुद्ध हरपणे हे हृदयाच्या गंभीर आजाराचे लक्षण असू शकते. हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या आनुवंशिक आजारात असे घडू शकते आणि तरुण खेळाडूंच्या आकस्मिक मृत्यूच्या कारणांत त्याचा समावेश होतो. त्यामुळे या प्रश्नाला होकारार्थी उत्तर आल्यास पुढील तपासण्या कराव्या लागतात. परदेशात राहणाऱ्या भारतीय पालकांनी किंवा विद्यार्थ्यांनी शब्दाचा अर्थ चुकीचा घेतल्यास अकारण तपासण्या होऊ शकतात. त्याहून घातक म्हणजे प्रश्नाचा रोख न कळल्याने खरी माहिती नोंदवायची राहून जाऊ शकते.

डॉक्टरांशी बोलताना ‘पास आउट’ आणि ‘ब्लॅक आउट’ यांतील भेदही महत्त्वाचा असतो. ‘ब्लॅक आउट’ बेशुद्धीसाठी वापरले जातेच. पण मद्यपानाच्या संदर्भात त्याचा अर्थ व्यक्ती जागी व हालचाल करत असूनही तिला नंतर त्या काळातले काही न आठवणे असा होतो. अशा प्रसंगी एका शब्दावर न विसंबता भोवळ आली होती का, शुद्ध पूर्ण गेली होती का, किती वेळ गेली होती आणि त्या वेळी काय करत होता, हे सविस्तर सांगितल्याने निदानास मदत होते.

मराठी प्रतिशब्द

शुद्ध हरपणे : बेशुद्ध पडणे, शुद्ध हरपणे, भोवळ येणे, मूर्च्छा येणे, चक्कर येऊन पडणे. केवळ ‘चक्कर येणे’ हा अचूक प्रतिशब्द नाही, कारण चक्कर आली तरी शुद्ध जातेच असे नाही.

शैक्षणिक संस्थेतून बाहेर पडणे : शिक्षण पूर्ण करणे, उत्तीर्ण होऊन बाहेर पडणे, पदवीधर होणे. शेवटचा शब्द पदवी मिळाली असेल तरच योग्य ठरतो.

गणवेशधारी सेवेचे प्रशिक्षण संपवणे : प्रशिक्षण पूर्ण करणे, समारंभासाठी दीक्षान्त संचलन.

वस्तू वाटणे : वाटणे, वाटप करणे.

वाहनाला मागे टाकणे : ओलांडून पुढे जाणे.

‘पास’पासून बनलेली इतर क्रियापदे

‘पास अवे’ : निधन होणे.

‘पास ऑन’ : निरोप किंवा वस्तू पुढे देणे, निधन होणे या अर्थानेही.

‘पास डाउन’ : पुढच्या पिढीकडे सोपवणे.

‘पास अप’ : आलेली संधी सोडून देणे.

‘पास ओव्हर’ : बढतीच्या वेळी एखाद्याला डावलणे.

‘पास ऑफ’ : नकली वस्तू खरी म्हणून खपवणे, एखादा प्रसंग पार पडणे.

‘पास बाय’ : जवळून निघून जाणे, काळ सरणे.

हेही पहा

फ्रेझल व्हर्ब

भारतीय इंग्रजी

संयुक्त क्रियापद

मूर्च्छा

राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी